नागपूरच्या अंगणात सीता अशोक: जागा, खड्डा आणि पहिले तीन उन्हाळे

जुलैत हौसेनं रोप लावलं, रोज पाणी घातलं आणि पोळ्याच्या सुमारास ते पिवळं पडून गेलं. किंवा पावसाळा निभावला, थंडी निभावली आणि मे महिन्यात आठ दिवसांत उभं करपलं. नागपुरात सीता अशोक मरतो तो बहुतेक या दोन प्रकारांनी. दोन्ही वेळा लोक एकच उपाय करतात, तो म्हणजे पाणी वाढवणं. पहिल्या रोपाला त्या पाण्यानंच मारलेलं असतं. दुसऱ्याला मुळाशी कितीही पाणी दिलं तरी पुरत नाही, कारण त्याला वरून हवा जाळत असते.

हे झाड मूळचं सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठचं, मोठ्या झाडांच्या सावलीतलं. तिथे मुळांशी ओल असते, पण पाणी वाहतं असतं, आणि हवा दमट असते. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती पाणी धरून बसते, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा कोरडीठाक होते. म्हणून इथे दोन वेगवेगळी कामं करावी लागतात: पावसाळ्यात मुळांना बुडू द्यायचं नाही आणि उन्हाळ्यात पानांवर लू, म्हणजे दुपारचा तापलेला कोरडा वारा, येऊ द्यायची नाही. माझी पहिली दोन रोपं गेली ती हा फरक न कळल्यामुळेच. तिसरं आज छपरापर्यंत पोचलं आहे आणि दर फाल्गुनात खोडापासून फुलतं. पुढचं सगळं त्या तीन रोपांच्या अनुभवातून लिहितो आहे.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. जागा आणि पाण्याची परीक्षा एप्रिलमध्ये, खड्डा मे महिन्यात, रोपाची खरेदी जूनमध्ये आणि लावणी आर्द्रा किंवा पुनर्वसू नक्षत्रात. रोप आधी आणून मग जागा शोधली, तर रोप नको तिथे लागतं.

पायरी १: रोप सीता अशोकाचंच आहे ना?

‘अशोक’ म्हणून मागितलं की अनेक ठिकाणी बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच, सरळ, हिरव्या खांबासारखा अशोक हातात ठेवतात. तो आसुपालव. सीताफळाच्या कुळातला. त्याला नारिंगी फुलांचे झुबके कधीच येणार नाहीत. आपल्याला हवा तो सराका असोका, शेंगावर्गीय कुळातला. दोन्ही रोपं शेजारी ठेवली तर चूक होणं कठीण आहे.

आसुपालवाचं पान सुटं, लांब, निमुळतं आणि कडेला लाटा असलेलं असतं. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं: एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या, आणि टोकाला एकटी पर्णिका नाही. पर्णिकांच्या कडा साध्या, फार तर किंचित लहरी. नवी पालवी तांबूस-गुलाबी, मऊ आणि खाली लोंबणारी.

‘पिवळा अशोक’ म्हणून सराका वंशातलंच दुसरं एक झाड विकलं जातं. त्याचे फुलोरे मोठे आणि पिवळे असतात. तेही देखणं आहे, पण ते हा अशोक नव्हे. पानावरून लहान रोपात फरक ओळखणं सोपं नाही, म्हणून शक्य असेल तर ज्या झाडाची फुलं तुम्ही स्वतः पाहिली आहेत त्याच्याच बियांचं रोप घ्या.

इशारा: सहा-सात फुटांचं ‘तयार’ झाड घेण्याचा मोह आवरा. त्याचं सोटमूळ पिशवीत केव्हाच गुंडाळलं गेलेलं असतं. दीड-दोन फुटांचं, वर्षा-दीड वर्षाचं रोप चार वर्षांत त्याला मागे टाकतं.

पायरी २: जागा, आणि तीही आताच

घराच्या पूर्वेची जागा सर्वांत चांगली. सकाळचं ऊन अकरा-साडेअकरापर्यंत मिळतं आणि दुपारी घराचीच सावली पडते. उत्तर-पूर्व कोपराही चालतो. कडुनिंबासारख्या विरळ सावलीच्या मोठ्या झाडाच्या पूर्वेला, खोडापासून बारा-पंधरा फुटांवर, जागा असेल तर फारच छान.

घराच्या पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या सिमेंटच्या भिंतीजवळची जागा मात्र टाळा. मे महिन्यात ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहते. झाडाला रात्रीसुद्धा विसावा मिळत नाही. फरशी घातलेल्या अंगणाच्या मधोमध तीन फुटांचा चौकोन ठेवून त्यात रोप लावणं हेही तेच.

भिंतीपासून आणि कुंपणापासून निदान बारा फूट अंतर ठेवा. बागेत हे झाड वीस ते तीस फूट उंच होतं आणि डोक्याचा घेर गोल, दाट असतो. मुळं वड-पिंपळासारखी पाया फोडणारी नाहीत, तरी सेप्टिक टँक आणि सांडपाण्याच्या पाइपपासून ते लांबच असावं. जागा चुकली तर पुढे ‘काढून टाकू’ हे तितकं सोपं नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांना १९७५ च्या अधिनियमाचं संरक्षण आहे आणि स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते.

गच्चीवरच्या कुंडीत हे झाड लावू नका. नागपूरच्या गच्चीवर मे महिन्यात कुंडीची बाजू हाताला चटका देते. आतल्या मुळांचं काय होत असेल ते त्यावरून समजा.

तपासणी: एप्रिलच्या एखाद्या दुपारी तीन वाजता नियोजित जागी जाऊन दहा मिनिटं उभे राहा. तुम्हाला तिथे उभं राहवत नसेल, तर पहिली तीन वर्षं रोपालाही तिथे आडोसा लागणार.

पायरी ३: माती पाहा, पाणी पाहा

नागपूरची माती एकसारखी नाही. सेमिनरी हिल्स, हजारीपहाड, गोरेवाड्याकडे थोडं खोदलं की मुरूम लागतो आणि पाणी झिरपून जातं. बेसा, मनीषनगरकडच्या नव्या वसाहतींत बऱ्याच प्लॉटवर वर बांधकामाचा भराव आणि खाली जुन्या शेताची काळी माती असते. महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांच्या परसात विटांचा चुरा आणि चुना सापडतो. म्हणून शेजाऱ्याचा उपाय तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही. स्वतः खोदून पाहा.

दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा करा आणि पाण्यानं काठोकाठ भरा. ते पाणी जिरू द्या. जिरल्यावर पुन्हा भरा आणि घड्याळ पाहा. खरी परीक्षा दुसऱ्या भरण्याची आहे, कारण पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, विशेषतः भेगा पडलेली काळी माती.

दुसरं पाणी पाच-सहा तासांत गेलं तर निचरा उत्तम आहे. रात्रभरात गेलं तर चालेल. चोवीस तासांनंतरही खाली पाणी दिसत असेल तर त्या जागी खड्ड्यात रोप लावायचंच नाही, उंचवट्यावर लावायचं.

भरावाची जागा असेल तर सिमेंट-चुन्याचा मलबा तीन फूट घेऱ्यातून पूर्ण काढून टाका. नुसती वर चांगली माती पसरून भागत नाही. चुन्यामुळे माती विम्लधर्मी होते, लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही आणि नवी पानं पिवळी येत राहतात.

आता पाण्याबद्दल. इथे बहुतेकांची चूक होते, आणि ती चांगल्या हेतूनं होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला घालतात. कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार टाकीतच राहतात. रोज नवं पाणी भरलं जातं, रोज क्षार साठत जातात. वाळ्यावर किंवा जाळीवर बसलेला पांढरा थर हे त्याचंच चिन्ह. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही असंच क्षार वाढलेलं असतं. ही दोन्ही पाणी सीता अशोकाला घालू नका. अंगण धुवायला वापरा.

बोअरचं पाणी बादलीत ठेवून वाळल्यावर पांढरी रेघ उमटत असेल तर तेही नेहमीसाठी चांगलं नाही. नळाचं पाणी असेल तर ते द्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं. ते बादलीत साठवा, पुढे पानांवर फवारायला लागेल.

पायरी ४: खड्डा किंवा उंचवटा, मे महिन्यात

*निचरा चांगला असेल तर* तीन फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच ते तीन फूट खोल खड्डा घ्या. वरची एक फुटाची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला ठेवा. मुरूम कठीण असेल तर सब्बलनं तळ अजून अर्धा फूट खिळखिळा करा. खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात उघडा ठेवा, म्हणजे हुमणी, वाळवी, तणांची मुळं बरीचशी मरतात. नवतपाचं, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांचं, ऊन या एका कामासाठी तरी वरदान आहे.

भरताना वरची मूळ माती दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एक भाग आणि निंबोळी पेंड अर्धा किलो, एवढं पुरे. मुरमाड जागी थोडी काळी माती घाला, ओल टिकते.

*काळ्या मातीत पाणी तुंबत असेल तर* खोल खड्डा हीच चूक आहे. आजूबाजूला घट्ट चिकणमाती आणि मधोमध भुसभुशीत खताचं मिश्रण, म्हणजे आपण जमिनीत एक हंडाच पुरला. आषाढातल्या पहिल्या मुसळधार पावसात सगळ्या बाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट राहत नाही. माझं पहिलं रोप असंच गेलं. ऑगस्टमध्ये उपटलं तेव्हा मुळांची साल बोटानं सुटत होती आणि मातीला नासका वास येत होता. खड्डा मी मनापासून ‘भरपूर खत घालून’ केला होता.

अशा जागी फूटभर खोल जमीन पाच फूट घेऱ्यात मोकळी करा. त्यावर तीच माती, बारीक मुरूम आणि कुजलेलं खत मिसळून सव्वा ते दीड फूट उंचीचा, पाच फूट रुंदीचा उंचवटा करा. बाजू उतरत्या ठेवा आणि एका बाजूनं अंगणाच्या उताराकडे बोटभर चर काढून द्या. पावसात उंचवटा अर्धा फूट तरी खचतो, म्हणून आत्ता जास्तच वाटला तरी कमी करू नका.

इशारा: ओली काळी माती फावड्यानं कापू नका. खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं त्यातून बाहेर पडत नाहीत. काम कोरड्यातच उरका. भिंती गुळगुळीत झाल्याच असतील तर कुदळीच्या टोकानं ओरबाडून खडबडीत करा. ताजं शेण कुठल्याही प्रकारात घालू नका. ते कुजताना तापतं आणि वाळवीला बोलावतं.

पायरी ५: रोप आणा, पण लगेच लावू नका

आपल्याकडच्या रोपवाटिकांत बरीच रोपं बाहेरून येतात, बऱ्याचदा आंध्रातल्या कडियमच्या बाजूनं. तिथली दमट हवा आणि इथली जूनमधली हवा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोप आणल्यावर पंधरा-वीस दिवस पूर्वेच्या ओसरीत किंवा झाडाखाली ठेवा. पहिल्या आठवड्यात एक-दोन पानं गळली तर घाबरू नका.

घेताना पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं नाही ना, खोडाच्या बुंध्याशी मूळ दोरीसारखं वळलेलं नाही ना, हे पाहा. पानांच्या मागे पांढरा कापूस किंवा खोडावर तपकिरी खवले दिसले तर ते रोप सोडून द्या.

बाहेरून आलेल्या रोपांच्या मुळांभोवती अनेकदा लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. हा गोळा वाळला की विटेसारखा होतो. वरून घातलेलं पाणी बाजूनं निघून जातं, भोवतीची माती ओली दिसते आणि रोप तहानेनं मरतं. माझं दुसरं रोप मे महिन्यात गेलं. काढून पाहिलं तर लाल गोळा जसाच्या तसा, कोरडा. दहा महिन्यांत एकही मूळ त्याच्या बाहेर आलं नव्हतं.

पायरी ६: लावणी

मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. त्यानंतर नागपुरात कितीदा तरी आठ-दहा दिवस पाऊस दडी मारतो आणि पारा पुन्हा ४० च्या वर जातो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल भिजली, हवेतला ताप गेला, की लावा. म्हणजे साधारण जूनचा शेवट ते जुलैचा दुसरा आठवडा. ढगाळ दिवस, संध्याकाळची वेळ. मुसळधार पाऊस चालू असताना नाही.

क्रम असा ठेवा:

1. लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, राहू द्या.

2. पिशवी ब्लेडनं दोन बाजूंनी चिरा. खोड धरून ओढू नका.

3. लाल मातीचा गोळा असेल तर बाहेरची बोटभर माती हलक्या हातानं, पाण्यात हलवत, सोडवा. बाजूची बारीक मुळं मोकळी झाली की थांबा. आतला गाभा फोडायचा नाही. तळाशी वळलेलं मूळ स्वच्छ कात्रीनं कापा.

4. गोळ्याच्याच मापाचा खळगा करून रोप ठेवा. खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा भोवतीच्या मातीपेक्षा बोटभर वर राहिली पाहिजे. खोलवर लावलेलं रोप ‘घट्ट बसतं’ हा गैरसमज आहे. खोड मातीत दबलं की पावसाळ्यात तिथेच कुजतं.

5. माती ढकला, हातानं दाबा. पायानं तुडवू नका. बादलीभर पाणी सावकाश द्या म्हणजे आतल्या पोकळ्या बसतील.

6. दोन बाजूंना दोन बांबू रोवून जुन्या सुती साडीच्या पट्टीनं सैलसर बांधा. सुतळी किंवा तार खोडात रुतते.

तपासणी: दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. रोप खचून बुंधा मातीत गेला असेल तर आत्ताच उचलून घ्या. आठवडाभरानं उचललं तर नवी मुळं तुटतात.

पायरी ७: पहिला पावसाळा. हात आखडता घ्या

लावणीनंतर पाऊस येत असेल तर वरून पाणी द्यायची काहीच गरज नाही. पाच-सहा दिवस सलग उघडीप मिळाली तरच, आणि तेही काडीनं पाहून. कोरडी लाकडी काडी बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार-पाच बोटं खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर आणि माती चिकटलेली असेल तर पाणी नाही. कोरडी निघाली तर बादलीभर.

याच काळात नवी पालवी येते आणि बहुतेकांचा घात इथेच होतो. सीता अशोकाची नवी पानं जन्मतःच लुळी असतात. तांबूस, चिंध्यांसारखी, खाली लोंबलेली. पाहणाऱ्याला वाटतं रोप सुकलं, आणि तो पाण्याची बादली आणतो. ही पानं दोन-तीन आठवड्यांत हिरवी होऊन आपोआप ताठ होतात. नवी पानं लोंबली म्हणजे तहान नव्हे. जुनी, हिरवी, कडक पानं माना टाकत असतील तरच काहीतरी बिघडलं आहे. तेव्हाही आधी काडी घाला. माती ओली असूनही जुनी पानं मलूल असतील तर मुळं गुदमरत आहेत. पाणी बंद करा आणि उंचवट्याचा चर मोकळा करा.

खोडाभोवती आळं करायचं ते पावसाळ्यानंतर. पावसाळ्यात बुंध्याशी माती उलट थोडी चढती हवी.

पहिल्या वर्षी रासायनिक खत अजिबात नाही. पानं छोटी दिसतात म्हणून मूठभर युरिया टाकणाऱ्यांची रोपं मी पाहिली आहेत. फूट लुसलुशीत येते, मावा येतो, आणि मार्चच्या उन्हात तीच फूट आधी जळते.

पायरी ८: दसऱ्यापासून होळीपर्यंत

पाऊस थांबला की आळं करा, बुंध्यापासून वीतभर दूर, दोन-अडीच फूट व्यासाचं. त्यात आच्छादन घाला. आपल्याकडे सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार सहज मिळतं, धानाचा तणसही उत्तम. तीन-चार बोटं जाड थर पुरे. खोडाला टेकू देऊ नका, वाळवी (आपली उधई) तिथूनच चढते. दर पंधरवड्याला थर उचलून खाली पाहा.

आठवड्यातून एकदा दहा लिटर पाणी हिवाळ्यात पुरतं. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा आठच्या खाली जातो, तेव्हा पानांची टोकं तपकिरी होतात. पानं काढू नका, छाटणी करू नका. एवढंच.

काळ्या मातीत जानेवारीपासून भेगा पडू लागतात. भेगेत पाणी ओतलं तर ते सरळ खाली निघून जातं आणि उघडी पडलेली मुळं तशीच राहतात. आधी भेग बारीक माती आणि कुजलेल्या खतानं बुजवा, मग पाणी द्या.

पायरी ९: पहिला उन्हाळा

साऱ्या मेहनतीची कसोटी इथे आहे. तयारी होळीला सुरू करा आणि गुढीपाडव्यापर्यंत आडोसा उभा असू द्या. एप्रिलच्या अखेरीस पानं करपल्यावर जाळी बांधण्यात अर्थ नाही.

*आडोसा.* चार बांबू, त्यांवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी. वरून, पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून. पूर्व आणि उत्तर मोकळी. जाळी पानांपासून हातभर लांब असली पाहिजे. टेकलेली जाळी वाऱ्यानं घासून पानं फाडते. बहुतेक लोक जाळी फक्त वर बांधतात. पण लू वरून येत नाही, आडवी येते. पश्चिमेचा पडदा नसेल तर छप्पर असूनही पानं कडेनं भाजतात. पडदा जमिनीपर्यंत आणा. प्लास्टिकचा कागद किंवा मेणकापड मात्र कधीही नको, आत भट्टी होते.

जिवंत आडोसा याहून चांगला, पण तो आदल्या जुलैतच लावावा लागतो. पानमळेवाले नागवेलीसाठी शेवरी आणि हादगा लावतात, तीच युक्ती इथे लागू पडते. रोपाच्या पश्चिमेला चार-पाच फुटांवर शेवरीची ओळ लावली तर उन्हाळ्यापर्यंत ती डोक्याच्या वर जाते. तीन वर्षांनी काढून टाका. मी तिसऱ्या रोपाला हेच केलं आणि जाळी फक्त वर लागली.

*पाणी.* मार्चमध्ये आठवड्यातून दोनदा दहा लिटर. एप्रिलपासून दर तीन दिवसांनी, मे महिन्यात दर दोन दिवसांनी बारा-पंधरा लिटर. वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आत. हे आकडे दोन फुटी रोपाचे आहेत, आणि काडीची परीक्षा त्यांच्यापेक्षा मोठी. मुरमाड जागी पाणी लवकर लागेल, काळ्या मातीत उशिरा. रोज तांब्याभर पाणी शिंपडणं सगळ्यांत वाईट. मुळं वरच राहतात, आणि वरची माती मे महिन्यात भाजते.

बाहेरगावी जावं लागत असेल तर माठ पुरा. पाच-सहा लिटरचा भाजलेल्या मातीचा, न रंगवलेला माठ बुंध्यापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा, वर झाकण ठेवायचं. तो झिरपत राहतो आणि मुळं त्याच्याकडे खाली वळतात. हा माठ लावणीच्या वेळीच पुरून ठेवलेला बरा, उन्हाळ्यात खणलं तर मुळं दुखावतात.

*पानांवर फवारा.* संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एसीच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. बोअरच्या पाण्यानं भर दुपारी फवारलं की पाणी उडून जातं आणि क्षार पानावर राहतात. पांढरे डाग आणि करपलेल्या कडा त्यातूनच येतात.

तपासणी: मे महिन्यात आठवड्यातून एकदा सकाळी सहा वाजता रोप पाहा. दुपारी तीनला माना टाकलेलं रोप पहाटे ताजंतवानं असेल तर ते ठीक आहे. पहाटेही मलूल असेल तर मुळांपर्यंत पाणी पोचत नाही. कोपऱ्यातून थोडी माती उकरून लाल गोळा कोरडा नाही ना ते पाहा.

सगळी पानं करपून गेली तरी उपटू नका. नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. करपलेली पानं तशीच राहू द्या, पाणी नेहमीएवढंच ठेवा आणि पावसाची वाट पाहा. जुलैत फुटवे येतात. जाळी काढायची ती दोन चांगले पाऊस झाल्यावर, ढगाळ दिवशी, आणि आधी पश्चिमेचा पडदा, मग छप्पर.

पायरी १०: पानं पाहून दुखणं ओळखणं

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतं आहे, म्हणजे बहुधा मातीत चुनखडी आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग जात नाहीत, आधी फरशी ओली करून झाका. पण हा तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय म्हणजे दरवर्षी कुजलेल्या पालापाचोळ्याचा थर आणि मऊ पाणी.

जुनी पानं पिवळी, माती ओली, वास नासका: पाणी तुंबलं आहे. पानांच्या फक्त कडा तपकिरी: लू किंवा क्षार. दोन्हींत फरक कळतो. लू असेल तर पश्चिमेकडची पानं जास्त भाजतात, क्षार असतील तर सगळीकडे सारखी.

पानांवर काजळी दिसली तर ती पुसत बसू नका. वर फांद्यांवर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा. मुंग्यांची रांग जिथे जाते तिथे ती असतेच. लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून, ऊन नसताना, पानांच्या खालून फवारा. मे महिन्यात तेल फवारू नका, पानं भाजतात.

पायरी ११: दुसऱ्या वर्षापासून फुलं येईपर्यंत

दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यातही आडोसा लागतो. चौथ्या वर्षी पूर्वेच्या जागेवर बहुतेक लागत नाही. खत वर्षातून दोनदा, पाऊस स्थिरावल्यावर आणि सप्टेंबरमध्ये: दोन घमेली कुजलेलं शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड, फांद्यांच्या घेराखाली पसरून. झाड वाढेल तसं प्रमाण वाढवा. दसऱ्यानंतर खत नाही.

बियांच्या रोपाला फुलं यायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. वय होऊनही फुलं नसतील तर तीन कारणं पाहा: दिवसभर दाट सावली, जास्त नत्र, किंवा छाटणी. तिसरं कारण सर्वांत जास्त आढळतं. सीता अशोकाची फुलं जुन्या लाकडावर, खोडाजवळच्या जाड फांद्यांवरही येतात. खोड ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून खालच्या फांद्या दरवर्षी उडवल्या, तर फुलांची जागाच आपण कापून टाकतो. वाळलेली किंवा एकमेकींवर घासणारी फांदी तेवढी काढा, तीही फुलं आणि शेंगा संपल्यावर.

साल कोणालाही काढू देऊ नका. औषधाला हवी म्हणून ओळखीचे लोक मागतात आणि ‘थोडीशीच’ म्हणतात. खोडाभोवती सालीचं कडं निघालं की झाडाचं अन्न मुळांपर्यंत जात नाही. निसर्गात हे झाड दुर्मीळ होण्यामागे सालीसाठीची तोड हे मोठं कारण आहे, आणि जागतिक पातळीवर त्याची नोंद संकटग्रस्ततेच्या यादीत आहे. मागणाऱ्याला रोप द्या.

रोप देणं अवघड नाही. फुलांनंतर चपट्या, जांभळट शेंगा येतात, उन्हाळ्याच्या अखेरीस काळपट होऊन तडकतात आणि बिया खाली पडतात. या बिया वाळवून डबीत ठेवल्या की काही आठवड्यांत निकामी होतात. सावलीत गोळा करा, एक रात्र पाण्यात भिजवा आणि दुसऱ्याच दिवशी फूटभर लांबीच्या पिशवीत, आडव्या, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल पेरा. पिशवी लांबच हवी, सोटमूळ झपाट्यानं खाली जातं. माती ओलसर ठेवली आणि सावली दिली तर तीन-चार आठवड्यांत तांबूस, लोंबती पालवी घेऊन रोप वर येतं, आणि तेव्हा ते सुकलं आहे असं घरातल्या कोणालाही वाटू देऊ नका.